भिंतीमागची हळद

लग्नसराई आली की माझं डोकं फिरतं. जालन्यात मी भाड्याच्या खोलीत राहते, शाळेत शिकवते. खोलीच्या मागेच एक मंगल कार्यालय आहे. चैत्र अर्धा सरला की तिथल्या डीजेनं माझ्या खिडकीच्या काचा थरथरायला लागतात आणि फडताळातले पेले सरकत सरकत कडेला येतात. काल सकाळी तिथं हळद होती. हळद म्हणजे काय, तर पिवळ्या साड्यांतल्या पंचवीस-तीस बायका, पिवळा पडदा, प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा, पाकिटातली हळद आणि फोटोवाला सांगेल तसं हसणं. त्यातल्या एकीनं तरी तोंड उघडून एक ओळ गायली असेल तर शपथ.

नुसता डीजेचा राग असता तर कानात कापूस घालून वह्या तपासत बसले असते. पण खिडकीतून मला एक बाई दिसली. कपाळ मोकळं, हातात हळदीची वाटी. नवरीची कुणी जवळचीच असणार, कारण तिचे डोळे नवरीवरून हलत नव्हते. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला." ती लगेच मागं सरली, खांबाच्या आड गेली आणि वाटी दुसरीच्या हातात दिली. तिला दोनदा सांगावं लागलं नाही, आणि माझं डोकं फिरलं ते त्यामुळं. मागं सरायची इतकी सवय एका दिवसात होत नाही. ती लावावी लागते, आणि लावणारी माणसं आपलीच असतात.

माझ्या मायलाही ती लावली होती. आमच्या गावात, धावड्यात, आमच्याच भावकीनं.

आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन डोंगरानं फिरायचे. पुढं मेंढरं गेली, शेती आली आणि दारात दोन शेळ्या तेवढ्या राहिल्या. मेंढरांबरोबर बाकी बरंच गेलं, पण गाणं मायच्या गळ्यात राहिलं. सुभद्राबाई म्हटलं की चार गावं ओळखायची. आमच्याकडं लग्नाची हळद जात्यावर दळतात. जात्याला आंब्याची पानं बांधायची, पाच सवाशिणींनी खुंटा धरायचा, आणि पहिलं हळकुंड भरडायला लागलं की माय सूर लावायची. दळलेल्या हळदीचा तो कच्चा, उग्र वास नाकात शिरायचा. आम्ही पोरी शिंकायचो आणि माय शिंकणाऱ्या पोरीचंही नाव गाण्यात घालायची.

नावं घालणं हे त्या गाण्याचं खरं काम. नवरीचा मामा, आत्या, बाप, चुलता, भाऊ, बहीण, एकेकाचं नाव गावासकट ओवीत यायला हवं, आणि तेही मानाप्रमाणं. थोरल्याच्या आधी धाकट्याचं आलं की रुसवा, गाव चुकलं की रुसवा. माय शाळेची पायरी चढलेली नाही, पण अख्ख्या भावकीची नावं, सोयऱ्यांची गावं, कोण कुणाच्या आधी, सगळं तिच्या डोक्यात होतं. मला तर गंमत वाटायची ती म्हाताऱ्यांची. मांडवात तंबाखू मळत बसलेला एखादा मामा आपलं नाव कधी येतं याकडं कान लावून असायचा. नाव आलं की मात्र काहीच न ऐकल्यासारखं करायचा आणि हळूच टोपी सारखी करायचा. टोपी सारखी झाली की माय पुढच्या नावाकडं वळायची.

ती अख्ख्या गावाची नावं घ्यायची, पण एक नाव तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं. आमच्या अण्णांचं. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती मला पुढं ढकलायची, "सांग ना गं." अण्णा गेले तेव्हाही दाखल्यासाठी मयताचं नाव विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, "सखाराम." ती खाली बघत होती, तिचे ओठ नुसते हलले.

अण्णा बैलपोळ्याच्या आठवड्यात गेले. शेतात बांधावर बसले ते उठलेच नाहीत. त्यानंतर माय बोलायची बंद झाली असं नाही. भाकरी झाली का, पाणी आणलं का, एवढं बोलायची. पण गळ्यातलं गाणं गेलं. पूर्वी आमच्या घरात सतत काहीतरी गुणगुण चालू असायची, चूल पेटवताना, कापूस वेचून आल्यावर पाय धुताना. ती गुणगुण थांबल्यावर घरात किती आवाज असतात ते कळलं. पत्रा कडकड करायचा, रांजणावरचं झाकण वाजायचं, पाल चुकचुकायची.

धाकटी मीरा घरीच होती. मी दर शनिवारी जालन्याहून जायचे. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली. का सोडलं ते इथं सांगत बसत नाही, तो राग वेगळा आहे. पण तेव्हापासून भावकीतल्या कुठल्याच हळदीत माझं नाव येत नव्हतं. मायनं घालायचा प्रयत्न केला होता, तर बायकांनी ओवी पुढं रेटली. म्हणजे आमच्या घरात आता दोघी झालो होतो. एकीनं गायचं नाही, दुसरीला कुणी गायचं नाही.

मायला गाण्याकडं परत ओढलं ते माणसांनी नाही, शेळीनं. दिवाळीच्या सुमारास आमची चांदी व्याली. दोन करडं झाली, आणि बया पान्हा चोरायला लागली. मीरानं गोंजारलं, सरकीची ढेप दिली, मी चार शिव्या दिल्या. लाथेनं तांब्या उडवायची. माय बाजेवर बसून बघत होती. मग उठली, चांदीजवळ बसली, तिच्या पोटाला डोकं टेकवलं आणि अगदी खाली, घशातल्या घशात काहीतरी गुणगुणली. शब्द नव्हते, नुसता सूर. तांब्यात दुधाची धार वाजली.

"वळण लागलंय तिला," माय ओशाळून म्हणाली. "गाण्याबिगर सोडत न्हाई आता."

त्या हिवाळ्यात माय दिवसातून दोनदा, शेळीच्या पोटाला डोकं टेकवून गायली. आधी नुसता सूर, मग संक्रांतीच्या आसपास शब्द. मी मोरीत तोंड धुताना ऐकायचे आणि पाणी बंद करायचे. कुणी म्हणेल, एवढ्यात काय झालं? बरंच झालं. ती परत जास्वंदीला पाणी घालायला लागली, मीराच्या रुखवतासाठी शेवया करायला बसली. एकदा मला म्हणाली, "रंजे, तू वाळून राह्यली, खात जा." सहा महिन्यांनी तिचं माझ्याकडं लक्ष गेलं होतं. आणि हे सगळं एका शेळीला जमलं. सांत्वनाला येऊन चहा पिऊन गेलेल्या शंभर माणसांतल्या एकालाही ते सुचलं नाही, याचा राग मला आजही येतो.

चैत्रात दत्तूकाकाच्या वैशालीचं लग्न निघालं. दत्तूकाका म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ, घर आमच्या घराला लागून. घरात मयत झालं तर वर्षाच्या आत लग्न उरकावं, असं म्हणून त्यानं घाई केली. मीराचंही ठरलेलं होतं, ते वैशाखात. वैशालीच्या हळदीला मायला बोलावणं आलं, पण स्वयंपाकाला. पोळ्या लाटायला पांढरं कपाळ चालतं, दळायला चालत नाही.

मी त्या सकाळी पोहोचले तेव्हा मांडवात गोंधळ चालला होता. पोरींनी मोबाईलवर गाणं लावलं होतं ते म्हाताऱ्यांनी बंद करायला लावलं. मग शेजारच्या गयाबाईनं ओवी उचलली आणि तीर्थपुरीच्या थोरल्या मामाला अंकुशनगरचा करून टाकलं. अंकुशनगरला राहतो तो धाकटा, कारखान्यावर कामाला. थोरल्याचं गावही गेलं आणि मानही गेला. मामा पिशवी घेऊन उठला.

"मला गावच न्हाई का? भाचीच्या मांडवात माझं गाव बी याद न्हाई तुम्हाला?"

त्याला दोघांनी धरलं. नवरीची आई, म्हणजे आमची कौसाकाकू, रडकुंडीला आली, आत पळाली. आणि थोड्या वेळानं आवाज आला. मांडवातून नाही, घराच्या मागून.

*जात्याच्या पाळूवर हळदीचा गं डोंगर*
*मामा तीर्थपुरीचा उभा मांडवासमोर*

इतक्या दिवसांनी मी मायचा मोकळा गळा ऐकत होते. मामानं पिशवी खाली ठेवली. टोपी सारखी केली. बायका जातं ओढायला लागल्या, माय मागून एकेक नाव पाठवत होती आणि बायका ते पुढून झेलत होत्या. सगळ्यांचे चेहरे खुलले होते. "वा! सुभद्राबाई ती सुभद्राबाईच," कुणीतरी म्हणालं.

मी मागं गेले. परसात गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी, भिंतीकडं तोंड करून माय बसली होती. हाताला पोळ्यांचं पीठ. तोंड भिंतीपासून वीतभर अंतरावर. ती भिंतीला गाऊन दाखवत होती.

काकू दारात उभी होती. मी विचारलं, "हे काय?"

"अगं, आवाज चालतो," काकू म्हणाली. "आवाजाला काय होतंय? तोंड तेवढं समोर नको. मी का केली ही रीत?"

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मोठ्यानं बोलले, एवढं खरं. तुमचा मामा रुसला तर आमच्या मायचा गळा पाहिजे, आणि तिचं तोंड दिसलं तर तुमची पोर बाटते काय, असं काहीतरी. मायचा दंड धरला आणि तिला ओढत घरी आणलं. गाणं मधेच तुटलं. मला वाटलं, आपण आज काहीतरी मोठं केलं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

माय बाजेवर बसली. हातावरचं पीठ खरवडत म्हणाली, "मी बोलावल्तं का तुला?"

"माय, तुला भिंतीमागं बसवलं त्यांनी!"

"मंग? गात व्हते ना मी? इतक्या महिन्यांनी माणसांसाठी गात व्हते. भिंतीमागून का व्हईना. तू आली अन् तेबी बंद केलं." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुझा राग तुझ्यापाशी ठेव. माझ्या गाण्यावर काढू नको."

भिंत चूकच होती, त्यात माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण त्या भिंतीमागं बसून ती कशाला धरून होती, हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांना तिचा आवाज हवा होता आणि मला तिचा अपमान भांडायला हवा होता. तिला काय हवं होतं ते कुणी विचारलं?

दुसऱ्या दिवशी चांदीनं लाथेनं तांब्या उडवला. माय तिच्याजवळ बसली, पण गायली नाही. महिनाभर गायली नाही. चांदी आटत चालली. आमच्या घरात कोरा चहा सुरू झाला. शनिवारी गेले की मीरा माझ्यापुढं काळ्या चहाचा कप जरा आपटूनच ठेवायची.

"पी ताई. तुझ्यामुळंच हाय."

तो वैशाख मला चवीनं आठवतो. कोऱ्या चहाची ती तुरट चव, कडुलिंबाच्या मोहराचा कडवट वास, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली रानं आणि त्यांच्यावरून येणारी गरम धूळ. चारी बाजूंनी गावोगावचे डीजे ऐकू यायचे. मीराचं लग्न जवळ येत होतं आणि घरात मयत होऊन आठ दिवस झाले असावेत अशी शांतता होती. मीरा एकदा भांडी घासताना म्हणाली, "मला डीजे नको, काही नको. माय गायली पाहिजे. न्हाईतर मला हळदच नको." म्हणाली आणि परत घासायला लागली. मी तिच्याकडं बघूही शकले नाही. वैशालीच्या मांडवातून मायला ओढून आणलं नसतं तर ती भिंतीमागून का होईना गायलीच असती.

मी दत्तूकाकाकडं गेले. या वेळी आवाज न चढवता म्हणाले, "मीराच्या हळदीला माय जात्यावर बसणार."

काकानं सुपारी कातरायची थांबवली. "रंजना, तू शिकलेली हाय, तुला समदं बराबर वाटतं. उद्या त्या पोरीच्या संसारात काही वाईट-वंगाळ झालं, मंग? लोक कुणाचं नाव घेतील? तुझ्या मायचंच ना? हळद आमी नवरा-बायको लावतो. सुभद्रावहिनीनं आत बसावं. ह्यात तिचंच भलं हाय."

भलं! हा शब्द ऐकला की माझं टाळकं सटकतं. पण मायनं सांगितलेलं आठवलं आणि मी राग गिळून परत आले. मनातल्या मनात मात्र एक भाषण तयार केलं. हळदीच्या सकाळी, सगळ्यांसमोर, एकेकाचं नाव घेऊन बोलायचं. जालन्याहून येताना बसमध्ये ते दोनदा म्हणूनही पाहिलं.

हळदीची सकाळ आली. दारात मांडव, मांडवात जातं, जात्याला आंब्याची पानं. काकू, गयाबाई आणि आणखी तिघी. मीरा पाटावर, चेहरा उतरलेला. माय मांडवात नव्हती. मी तिला शोधत मागं गेले तर ती भिंतीमागं होती, चांदीशेजारी, मांडीवर रिकामा तांब्या घेऊन. तिला तिथं कुणी बसवलं नव्हतं. फोटोवाल्याच्या एका शब्दावर मागं सरणारी कालची ती बाई, तशीच माझी माय, आपल्या लेकीच्या हळदीला आपणहून भिंतीमागं जाऊन बसली होती. माझे डोळे पेटले. मी मांडवात परत आले आणि भाषणाचं पहिलं वाक्य जुळवायला लागले.

तेवढ्यात बायकांनी ओवी उचलली. मामा झाला, आत्या झाली. आता बापाचं नाव यायचं होतं, आणि बायका अडखळल्या. थोरल्या दिराचं नाव काकू घेणार कशी? आणि मयताचं नाव हळदीत घ्यायचं तरी कुणी? गयाबाईनं इकडं तिकडं पाहिलं आणि तोड काढली.

*बाभळीच्या फुलावाणी हळद पिवळी झाली*
*दत्तूरावाची गं लेक आज मांडवात आली*

दत्तूकाकाचा हात टोपीकडं गेला. मीरानं झटकन मान वर केली. आणि माझं भाषण, बसमध्ये दोनदा म्हटलेलं भाषण, तसंच राहिलं. कारण नाव चुकलं होतं, आणि नाव चुकलं की काय करायचं ते आमच्यात एकाच बाईला माहीत होतं.

भिंतीमागून ओवी आली. तीच ओळ, पहिल्यापासून. *बाभळीच्या फुलावाणी हळद पिवळी झाली.* पण या वेळी आवाज एका जागी नव्हता. तो चालत होता. परसातून, घराच्या कडेनं, मांडवाच्या तोंडाशी. माय समोर आली, पदर खोचलेला, हातात तांब्या, कपाळ उघडं. पहिली ओळ संपवून ती थांबली. श्वास घेतला.

*सखारामाची गं लेक आज मांडवात आली*

मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ते नाव ऐकलं. ती पुटपुटली नाही. मामाचं, आत्याचं जसं घ्यायची तसंच घेतलं, मानाप्रमाणं, त्याच्या जागेवर. दत्तूकाकाचा हात टोपीवरच राहिला, मग हळूच खाली आला. मीरा हुंदके द्यायला लागली.

गयाबाई उठली, तिच्यामागं आणखी एक उठली. "असं न्हाई चालत बाई," म्हणत दोघी निघून गेल्या. काकू जागेवरच होती. तिनं खुंट्यावरचा हात काढला नाही, तिचं तोंड मात्र रागानं फुगलेलं होतं. ती का उठली नाही ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. मायनं तांब्या बाजूला ठेवला, रिकाम्या जागी बसली आणि खुंटा धरला. जातं जड होतं.

"रंजे," माय म्हणाली, "उभी काय राह्यली? दोघी गेल्या, हात कमी पडून राह्यले. ये जल्दी."

"माय, मी?" माझ्या तोंडून निघालं. इतक्या जोरात भांडणारी मी, त्या क्षणी माझाच पाय मागं सरला होता. मला तो दिसला. मागं सरायची सवय मलाही लागली होती तर.

"तूच. बस."

मी बसले. खुंट्यावर मायचा हात, त्यावर काकूचा, त्यावर माझा. हळकुंडं भरडायला लागली, तो उग्र वास उठला आणि मला शिंक आली. माय हसली. पोळ्यानंतर पहिल्यांदा. आणि जातं न थांबवता पुढची ओळ तिनं तिथल्या तिथं जुळवली.

*खुंट्याला हात कुणाचा, माझ्या थोरल्या रंजनाचा*

मी काहीच न ऐकल्यासारखं केलं आणि पदर सारखा केला.